'पेलम वन टू थ्री': १९७४ चा मूळ सिनेमा आणि २००९ चा रिमेक (शेवट उघड केले आहेत)

दिवेलागण

जोसेफ सार्जंटचा १९७४ चा 'द टेकिंग ऑफ पेलम वन टू थ्री' आणि टोनी स्कॉटने २००९ मध्ये केलेला त्याचा रिमेक लागोपाठ पाहिले. मूळ सिनेमा माझा फार लाडका आहे, त्यामुळे रिमेकने केलेली माती जरा जास्तच लागली. सविस्तर लिहितोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कच्या सबवेत पेलम बे पार्क स्टेशनवरून दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी सुटलेली गाडी, म्हणून तिचं नाव पेलम वन टू थ्री. चार माणसं ती पळवतात. एकसारखे ओव्हरकोट, टोप्या, चष्मे, खोट्या मिशा. एकमेकांना हाक मारायची ती रंगाच्या नावाने: ब्लू, ग्रीन, ग्रे, ब्राउन. (टॅरंटिनोने 'रिझरव्हॉयर डॉग्ज'साठी ही युक्ती इथूनच उचलली.) पहिला डबा सोडवून बोगद्यात नेऊन उभा करायचा, कंडक्टर धरून १८ ओलीस, मागणी १० लाख डॉलर, मुदत एक तास. उशीर झाला की दर मिनिटाला एक माणूस मारणार. डब्यातून बोलणारा ब्लू म्हणजे रॉबर्ट शॉ. वायरलेसच्या दुसऱ्या टोकाला ट्रान्झिट पोलिसातला लेफ्टनंट गार्बर, म्हणजे वॉल्टर मॅथाऊ.

माझ्या मते मूळ सिनेमाची सगळी जान एका गोष्टीत आहे: त्यातला प्रत्येक माणूस ड्युटीवर आहे. ट्रेनमास्टर करेलला ओलिसांपेक्षा वेळापत्रकाची काळजी जास्त, कारण ती गाडी अडकल्यामुळे सगळी लाईन तुंबली आहे. महापौर फ्लूने अंथरुणाला खिळलेला, शहराच्या तिजोरीत खडखडाट, आणि पैसे द्यावेत की नाही यावर त्याच्या पलंगाभोवती बैठक भरते. शेवटी त्याची बायको त्याला समजावते की यातून निदान १८ मतं तरी नक्की मिळतील. बँकेत नोटा मोजणारे हात दिसतात. निम्मी रक्कम पन्नासच्या नोटांत, निम्मी शंभरच्या, गड्ड्यांना उभं आणि आडवं रबरबँड. सिनेमा तिथे थांबतो आणि ते काम आपल्याला बघायला लावतो. एकीकडे घड्याळ पळतंय आणि दुसरीकडे कारकून नोटा मोजतोय. माझा जीव टांगणीला लागतो तो इथे, आणि या दृश्यात कुणाच्या हातात पिस्तूल नाही.

पुढे पैसे घेऊन सुसाट निघालेली पोलिसांची गाडी वाटेतच उलटते. मुदत संपत आलेली. गार्बर वायरलेसवर ठोकून देतो की पैसे स्टेशनच्या दारात पोहोचलेत, आता फक्त बोगद्यातून चालत आणायचे आहेत. मॅथाऊच्या आवाजात ते खोटं बोलताना जराही चढउतार होत नाही. रोज दहा जणांना 'गाडी येतेच आहे' सांगणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे.

रिमेकने हे सगळं काढून टाकलं. त्याजागी दोन माणसांची मनं आणली. डेन्झेल वॉशिंग्टनचा गार्बर आता पोलीस नाही. लाचेच्या आरोपामुळे खालच्या खुर्चीवर बसवलेला एमटीएचा, म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याचा, अधिकारी आहे. जॉन ट्रॅव्होल्टाचा रायडर म्हणजे तुरुंगातून सुटलेला वॉल स्ट्रीटवाला. तो ओरडतो, शिव्या घालतो, गार्बरमध्ये स्वतःला शोधतो. मागणी १ कोटी डॉलर, पण पटकथेलाच त्या पैशात रस नाही. ओलीस प्रकरणामुळे बाजार हादरणार आणि त्यावर रायडरने आधीच पैसा लावून ठेवलेला, असा डाव आहे. खलनायकालाच खंडणीची घाई नसेल तर मी घड्याळाकडे कशाला बघू?

रॉबर्ट शॉचा ब्लू आवाज चढवत नाही. भाड्याने लढणारा जुना सैनिक. शब्दकोडं सोडवत बसतो. त्याने 'मारीन' म्हटलं की तो मारणार, याची खात्री पटते. ट्रॅव्होल्टा दर पाच मिनिटांनी फुटतो, आणि तिसऱ्यांदा फुटल्यावर त्याची भीती वाटेनाशी होते.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. रिमेक आवडलेल्यांनी तर नक्की लिहा.

खिडकीची जागा

मला रिमेक आवडला होता, म्हणून लिहितो.

तुमचा नोटा मोजण्याचा मुद्दा पटला. पण डेन्झेलचा कबुलीचा प्रसंग तुम्ही एका ओळीत उडवलात, ते योग्य नाही. रायडर एका तरुण प्रवाशाच्या डोक्याला पिस्तूल लावतो आणि गार्बरला म्हणतो, लाच घेतलीस की नाही ते सांग. आजूबाजूला सगळे सहकारी, पोलीस ऐकत आहेत. गार्बर आधी नाही म्हणतो. मग सांगतो की ३५,००० डॉलर घेतले, मुलांच्या शिक्षणासाठी. ते खरं की पोराला वाचवण्यासाठी मारलेली थाप, हे त्याच्या चेहऱ्यावरून पक्कं कळत नाही. एका अनोळखी मुलाच्या जिवासाठी आपली अब्रू सगळ्यांसमोर उघड्यावर टाकणारा माणूस. मूळ सिनेमात गार्बरला असं काही पणाला लावावंच लागत नाही. तो हुशार आहे, मिश्किल आहे, पण संध्याकाळी घरी जाईल तेव्हा त्याचं काहीही गेलेलं नसेल.

शिवाय २००९ मध्ये, लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून वर्ष झालेलं नसताना, वॉल स्ट्रीटचा माणूस शहराला ओलीस धरतो ही कल्पना चांगलीच होती.

मोटरमनची लेक

या सिनेमावर बोलायचं तर मला डेडमॅन हँडलवर बोलायचं आहे, कारण माझे वडील मुंबईत लोकलवर मोटरमन होते.

आपल्या लोकलच्या कॅबमध्येही ते आहे. गाडी चालवताना ते हँडल हाताने सतत दाबून धरावं लागतं. मोटरमनला काही झालं, हात सुटला, की ब्रेक आपोआप लागतात. बाबा सांगायचे की नवीन माणसाचा उजवा खांदा पहिले काही महिने रात्री ठणकतो, मग शरीराला सवय होते. घरी जेवायला बसले तरी त्यांचा तो हात ताटाशेजारी तसाच पालथा दाबलेला असायचा.

मूळ सिनेमाची दुसरी बाजू, म्हणजे पैसे मिळाल्यानंतर काय, ही सगळी या एका हँडलवर उभी आहे. बोगद्यात चारही बाजूंनी पोलीस, मग चोर पळणार कसे? पोलिसांची समजूत अशी की गाडी चालते आहे म्हणजे कॅबमध्ये कुणीतरी हँडल धरून बसलंय, म्हणजे चोर गाडीतच आहेत. चोरांनी नेमकी हीच समजूत हेरलेली असते. ते एक बनवलेलं उपकरण हँडलवर बसवतात, सगळे सिग्नल हिरवे करायला लावतात, गाडी सोडून देतात आणि स्वतः बोगद्यातच उतरतात. सगळं पोलीस खातं रस्त्यावरून रिकाम्या कॅबच्या गाडीमागे धावत सुटतं. गाडी दक्षिणेला, ओलीस गाडीत, चोर मागे.

आणि ही युक्ती सांगू शकेल असा माणूस त्यांच्यात आहे. ग्रीन, म्हणजे मार्टिन बाल्सम, हा नोकरीवरून काढलेला मोटरमन. त्याला सर्दी झाली आहे, तो घाबरलेला आहे, आणि पूर्ण टोळीत गाडी चालवता येणारा तो एकटा. मला त्याचं फार वाईट वाटतं. त्याचं म्हणणं असं की त्याला खोट्या आरोपावरून काढलं. खरं काय ते सिनेमा सांगत नाही. पण कॅबमध्ये बसल्यावर त्याचे हात कसे स्थिर होतात ते पाहा. बाल्समने कुणा मोटरमनला नीट पाहिलं असणार.

रिमेकमध्येही काढून टाकलेला कर्मचारी आहे, लुईस गुझमानने केलेला. इतका चांगला नट, पण त्याच्या वाट्याला काय आलं? त्याला नोकरी का गमवावी लागली, त्याचा राग कुणावर, यावर पटकथा क्षणभरही रेंगाळत नाही, आणि तो लवकरच मारला जातो. गाडी चालवता येणारा माणूसच गेला, म्हणून मग रायडर गार्बरला बोलावून घेतो. म्हणजे कारागीर बाजूला सारून हिरोला जागा करून दिली. मला रिमेकचा राग आला तो इथे.

सहावी लाईन

न्यूयॉर्कला राहतो, त्यामुळे काही गोष्टी जागेवरून सांगतो.

मूळ सिनेमातला बोगदा आणि स्टेशन हे ब्रुकलिनमधलं कोर्ट स्ट्रीट नावाचं बंद पडलेलं स्टेशन आहे. पुढे १९७६ मध्ये तिथेच ट्रान्झिट म्युझियम झालं. रस्त्यावरून साध्या सबवेच्या जिन्याने खाली उतरायचं. फलाटाला जुने डबे लावून ठेवलेत, आत जाऊन बसता येतं. वेताच्या विणीच्या बाकांपासून सगळं आहे. एका डब्याच्या टोकाला उभं राहून कॅबच्या दाराकडे पाहिलं की कळतं, या एवढ्याशा जागेत शॉ आणि बाल्सम उभे होते. कॅमेऱ्याला मागे सरकायला जागाच नाही. ओवेन रॉइझमनने तरीही चित्रचौकट रुंद ठेवली आणि उजेड डब्यातल्या आणि बोगद्यातल्या दिव्यांचाच वाटेल इतका कमी. हा तोच छायाचित्रकार, 'द फ्रेंच कनेक्शन' आणि 'द एक्झॉर्सिस्ट'चा.

त्या काळी सबवेचं तिकीट ३५ सेंट होतं. करेल संतापून म्हणतो की ३५ सेंटात या प्रवाशांना काय अमर व्हायचंय का. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर खरोखर दिवाळखोरीच्या काठावर आलं. म्हणजे महापौराच्या पलंगाभोवतीचं ते भांडण पडद्यावर आलं तेव्हा बाहेरही तेच चाललं होतं. लोक रोज ज्या कळकट गाड्यांतून थिएटरला येत होते तीच गाडी समोर. अर्थात सिनेमातले डबे फारच स्वच्छ आहेत, कारण डब्यांवर ग्राफिटी दिसता कामा नये ही ट्रान्झिट खात्याची अट होती. तेवढं एक खोटं.

आता रिमेक. सुटलेली गाडी कोनी आयलंडच्या दिशेने धावते! अहो, पेलमची गाडी सहा नंबरच्या लाईनीची, आणि सहा नंबरच्या गाड्या अरुंद डब्यांच्या जुन्या आयआरटी विभागातल्या. कोनी आयलंडला जाणाऱ्या लाईनी दुसऱ्या विभागातल्या, रुंद डब्यांच्या. सहा नंबरने रोज जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हे खटकणार. मूळ सिनेमात गाडी साऊथ फेरीच्या वळणावर येऊन थांबते, जिथे ती खरोखर पोहोचू शकते. आणि थांबते कशी तर रुळाशेजारच्या ट्रिप आर्ममुळे. सिग्नल लाल असला की तो लोखंडी दांडा वर येतो, गाडीखालच्या खटक्याला लागतो, ब्रेक लागतात. चोरांनी माणसाला फसवलं, हँडलला फसवलं, पण हा दांडा तिथे होताच. हिरो मधे पडत नाही, यंत्रणाच लोकांना वाचवते. कितीदा पाहिलं तरी मला तो क्षण फार समाधान देतो.

मोटरमनची लेक

@सहावी लाईन, आपल्याकडे लोकलला हेच काम एडब्ल्यूएस नावाची यंत्रणा करते. लाल सिग्नल ओलांडला की ब्रेक. तुमच्या त्या दांड्याचा फोटो असेल तर टाका ना, बाबांना दाखवते.

मध्यस्थ

ओलीस सोडवण्याच्या वाटाघाटी हा माझ्या वाचनाचा विषय, त्या बाजूने थोडं.

१९७२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये ब्रुकलिनच्या एका बँकेत ओलीस प्रकरण झालं आणि सप्टेंबरमध्ये म्युनिकला इस्रायली खेळाडू मारले गेले. पुढच्या जानेवारीत ब्रुकलिनमध्येच एका खेळसाहित्याच्या दुकानात पुन्हा तसाच वेढा. त्यानंतर १९७३ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी वाटाघाटी करणारं खास पथक उभं केलं. हार्वी श्लॉसबर्ग आणि फ्रँक बोल्झ ही त्यातली दोन मोठी नावं. श्लॉसबर्ग पोलीसही होते आणि मानसशास्त्रज्ञही. त्यांच्या पद्धतीचं मूळ सूत्र असं की वेळ पोलिसांच्या बाजूने असतो. बोलत राहा, लांबवत राहा, समोरचा दमतो, त्याला भूक लागते, ओलिसांशी त्याची ओळख होऊ लागते. घाईने आत घुसलं की माणसं मरतात.

जॉन गोडीची मूळ कादंबरी १९७३ ची आणि सिनेमा १९७४ चा. म्हणजे पोलीस हे नुकतेच शिकत होते. आता ब्लूची चाल बघा. एक तासाची मुदत आणि मग मिनिटाला एक माणूस. पोलिसांकडचं एकमेव हत्यार, वेळ, तो पहिल्याच वाक्यात काढून घेतो. म्हणून तर गार्बरची सगळी धडपड मिनिटं मिळवण्यासाठी आहे. त्याला ब्लूच्या मनात शिरायचं नाही, तेवढी सवडच नाही.

रिमेकमध्ये खरा प्रशिक्षित वाटाघाटीवाला आहे, जॉन टर्टुरोने केलेला. तो येतो, रायडर त्याच्याशी बोलायला नकार देतो, आणि मग तो गार्बरच्या शेजारी बसून सूचना देतो. ही मांडणी सोन्यासारखी होती. एक अनुभवी माणूस, ज्याला नेमकं काय बोलायचं ते माहीत आहे पण माईक त्याच्या हातात नाही. टर्टुरोने जीव ओतून काम केलंय. पण पटकथेने त्याला दोन-चार सल्ले देण्यापुरतं वापरलं आणि सोडून दिलं.

खऱ्या आगगाडीत ओलीस धरल्याची उदाहरणं नेदरलँड्समध्ये आहेत. दक्षिण मोलुक्कन (मूळ इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरच्या) तरुणांनी १९७५ मध्ये वाइस्टरजवळ आणि १९७७ मध्ये द पुंटजवळ गाडी अडवली होती. द पुंटचा वेढा २० दिवस चालला आणि शेवटी लष्करी कारवाईत सहा अपहरणकर्ते आणि दोन ओलीस मेले. तिथे वेळ लांबवला गेला, तरी शेवट रक्तातच झाला. तासाभराच्या मुदतीचा सिनेमा आणि वीस दिवसांचं वास्तव, दोन्ही शेजारी ठेवून बघावं असं वाटतं.

षड्ज

डेव्हिड शायरच्या संगीताबद्दल कुणीच लिहिलं नाही! सुरुवातीची श्रेयनामावली कान देऊन ऐका. खाली बेस आणि तालवाद्यांचा ठाम, रस्त्यावरचा फंक ठेका. त्यावर ब्रास जे वाजवतं ते बारा स्वरांच्या पद्धतीने बांधलेलं आहे, म्हणजे सप्तकातले बाराही स्वर ठरवून दिलेल्या क्रमाने येतात आणि कुठलाही एक स्वर षड्ज होऊन बसत नाही. आपल्या कानाला घरी परतायची सवय असते, इथे घरच नाही. ठेका मात्र सुटत नाही. गर्दी, गोंगाट आणि तरीही चालू असलेली गाडी, हे न्यूयॉर्क त्याने नुसत्या सुरांत उभं केलं. आणि पूर्ण सिनेमात संगीत फार थोडं आहे, त्यामुळे जेव्हा येतं तेव्हा अंगावर येतं.

रिमेकचं संगीत मला पाहून झाल्यावर तासाभरातही आठवेना.

खिडकीची जागा

मूळ सिनेमाची एवढी आरती चालली आहे, तर त्यातलं खटकणारंही बोलायला हवं. टोकियो मेट्रोचे पाहुणे सुरुवातीला नियंत्रण कक्ष बघायला येतात, त्यांना इंग्रजी येत नाही असं समजून गार्बर तोंडावर त्यांची टिंगल करतो. ते निघताना त्यांना उत्तम इंग्रजी येतं हे कळतं, म्हणजे सिनेमा गार्बरला उघडं पाडतो हे मान्य. पण त्याआधी प्रेक्षकांना हसवून घेतो तेही आहेच. प्रवाशांना तर नावंच नाहीत. श्रेयनामावलीत 'आई', 'म्हातारा', 'सेक्रेटरी', 'हिप्पी' असे नुसते शिक्के. रिमेकने निदान लॅपटॉपवर मैत्रिणीशी बोलणारा एक मुलगा तरी माणूस म्हणून उभा केला.

दिवेलागण

@खिडकीची जागा, पाहुण्यांबद्दल पूर्ण सहमत. त्या प्रसंगात मलाही अवघडल्यासारखं होतं.

प्रवाशांबद्दल मात्र नाही. सबवेत शेजारच्याचं नाव कुणाला माहीत असतं? १८ अनोळखी लोक, आणि ते अनोळखीच राहतात. ती दारू प्यायलेली बाई सगळं प्रकरण झोपेत काढते. प्रवाशांत साध्या कपड्यातला एक पोलीस आहे, पण तो बाई की पुरुष हे खात्यातही कुणाला माहीत नाही. नाव दिलं असतं तर हा धागा चाललाच नसता. आणि तुमचा तो लॅपटॉपवाला मुलगा, त्याचा कॅमेरा चालू राहतो आणि डब्यातलं दृश्य बाहेर पोहोचतं. मोबाईल, इंटरनेट आल्यावर ओलीस प्रकरण कसं बदलेल, या प्रश्नाचं रिमेकजवळ असलेलं हे एकमेव नवं उत्तर. तेही अर्ध्यावर सोडलं.

कबुलीच्या प्रसंगाबद्दल तुमचं म्हणणं मान्य करतो, डेन्झेल तिथे अप्रतिम आहे. त्या एका प्रसंगासाठी रिमेक बघावा असंही म्हणेन. पण त्यानंतर टोनी स्कॉट आणि पटकथाकार ब्रायन हेलगेलँडने त्या माणसाचं काय केलं? ज्याने आयुष्यभर खुर्चीत बसून गाड्या चालवल्या त्याला हेलिकॉप्टरने उडवत नेला, हातात पिस्तूल दिलं, मॅनहॅटन ब्रिजवर धावायला लावला. रायडर त्याला म्हणतो मला मार, आणि तो मारतो. कबुली देताना तो जितका खरा वाटला होता तितकाच पुलावर खोटा वाटतो. पडद्यावर उमटणारी वेळेची अक्षरं, गोठवलेल्या चौकटी, गरगरणारा कॅमेरा हे वेगळंच.

मूळचा शेवट आठवा. ब्लू बोगद्यात गार्बरसमोर उभा राहतो, या राज्यात फाशी देतात का एवढं विचारतो, आणि उत्तर ऐकून शांतपणे तिसऱ्या, म्हणजे विजेच्या रुळावर पाय ठेवतो. मग गार्बर आणि त्याचा सहकारी काढून टाकलेल्या मोटरमनांची यादी घेऊन दारोदार फिरतात. ग्रीनच्या घरी चौकशी होते, हाती काही लागत नाही, ते निघतात. दार लावता लावता आतून शिंक येते. सगळा दिवस वायरलेसवर ऐकलेली शिंक. दार परत उघडतं, मॅथाऊचा चेहरा, सिनेमा संपला. शेवटपर्यंत तो माणूस आपल्या कामावरच आहे, त्याने दिवसभर कान देऊन ऐकलं, आणि त्यातूनच चोर सापडला.

खिडकीची जागा

पुलाच्या प्रसंगाचा बचाव मी करणार नाही. तो वाईटच आहे. पण घरी जाताना दूध घेऊन ये असं बायको फोनवर सांगते आणि शेवटी तो दुधाचा कॅन घेऊन घरी पोहोचतो, ते मला आवडलं होतं. तुम्ही म्हणता ते ड्युटीवरचं आयुष्य तिथे जरासं दिसतं.

मोटरमनची लेक

+१, दुधाचं मलाही आवडलं.

१९९८ ला टीव्हीसाठीही एक रिमेक झाला होता ना? कुणी पाहिलाय?

सहावी लाईन

हो, एडवर्ड जेम्स ओल्मोस आणि व्हिन्सेंट डोनोफ्रिओ आहेत त्यात. चित्रीकरण टोरांटोच्या सबवेत झालं. मी अर्धा पाहिला, फलाट आणि डबे ओळखीचे नसल्यामुळे मन लागेना. डोनोफ्रिओ मात्र चांगला आहे, आवाज चढवत नाही. पूर्ण पाहून लिहितो. आणि ट्रिप आर्मचा फोटो या शनिवारी म्युझियममध्ये काढून टाकतो, तिथे बघायला मिळाला तर.